लॅबचं (लॅब्रेडॉर कुत्र्याचं) वजन उतरतं आणि परत चढतं: कुठे चुकतंय ते शोधायचा माझा क्रम

आधी लक्षणं सांगते, जुळली तरच पुढे वाचा.

वरून बघितलं की कंबर दिसत नाही, खांद्यापासून शेपटीपर्यंत सगळं एका रेषेत. बरगड्या हाताला लागत नाहीत, शोधाव्या लागतात. शेपटीच्या मुळाशी गादीसारखं मऊ झालंय. गळ्यातला पट्टा वर्षभरात एक-दोन भोकं पुढे गेलाय. वाडगं मिनिटभराच्या आत साफ आणि लगेच किचनच्या दारात येऊन बसणं, जसं काही सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. खाली फिरायला नेलं की रस्त्यावरचं काहीही तोंडात, टिश्यूपेपरसुद्धा. उठताना आधी पुढचे पाय, मग थांबून मागचे. आणि सगळ्यात मुख्य लक्षण म्हणजे डॉक्टर ओरडले की दोन-तीन किलो उतरतात आणि गणपती ते दिवाळी एवढ्या काळात तेवढेच परत चढतात, दर वर्षी.

मी मुलुंडला राहते, घरात २१ वर्षं लॅब आहेत. आमच्या बिल्डिंगमधले, ओळखीतले, सकाळी फिरताना भेटणारे असे मिळून पंधराएक लॅबचं हेच दुखणं मी त्यांच्या घरी बसून सोडवलंय आणि दर वेळी घोळ जवळपास त्याच जागी सापडतो. माझा पहिला लॅब, बंडू, साडेदहा वर्षांचा होऊन गेला, ४४ किलोचा होता. शेवटचे आठ महिने त्याला जिना उतरता यायचा नाही, आमच्या जुन्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती, चादरीची चार टोकं चौघांनी धरून त्याला दोन मजले खाली न्यायचो, शू झाली की परत वर. त्याची नजर अजून आठवते. तेव्हा मला वाटायचं तो मागतो म्हणजे त्याला भूक आहे आणि भूक आहे म्हणजे द्यायला पाहिजे. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून करा.

पहिलं, हात लावा. तुमचा डावा हात पालथा टेबलावर ठेवा आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवा, तिथली हाडं जेवढी लागतात तेवढ्याच लॅबच्या बरगड्या लागायला हव्यात, हलक्या हाताने, न दाबता. मुठीच्या गाठींसारख्या लागल्या तर कुत्रा बारीक आहे. तळहातासारखं मऊ लागलं तर जास्त आहे. हे आधी का, तर लॅबचे केस दाट असतात आणि आपण रोज बघतो, डोळ्याला सवय होते. डॉक्टर ९ आकड्यांची एक पट्टी वापरतात, त्यात ४ ते ५ म्हणजे छान आणि पाचच्या वर प्रत्येक आकडा म्हणजे साधारण १० टक्के वजन जास्त. मुंबईत जे लॅब लोकांना 'मस्त हेल्दी' वाटतात ते बहुतेक ७ वर असतात, आणि जो ५ वर असतो त्याला सोसायटीतले येऊन म्हणतात, काय हो, खायला देत नाही का याला. माझ्या आत्ताच्या लॅबबद्दल, चिंगीबद्दल, मी हे आजही ऐकते. ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

दुसरं, वजन करा. ३५ किलोचा कुत्रा उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहणं आपल्या कमरेला झेपत नाही, तो प्रयत्नच करू नका. बहुतेक क्लिनिकमध्ये जमिनीवरचा काटा असतो, नुसतं वजन करायला आलोय म्हटलं तर कोणी पैसे घेत नाही. एका दुकानदार काकांच्या गोडाऊनमधल्या पोत्यांच्या काट्यावरही मी एका लॅबला बसवलंय. एकच काटा, दर पंधरा दिवसांनी, सकाळी खाण्याआधी. मोठा नर साधारण २९ ते ३६ किलो, मादी २५ ते ३२, पण हे जातीचे आकडे झाले, तुमच्या कुत्र्याचं बरोबर वजन त्याच्या बरगड्या सांगतील.

आता तिसरं, आणि दहापैकी आठ घरांत घोळ इथेच सापडतो. त्याला घरात कोण कोण खायला देतं?

हा प्रश्न विचारला की प्रत्येक जण म्हणतो मी काहीच देत नाही. म्हणून मी विचारतच नाही, ताट मांडायला लावते. गेल्या वर्षी घाटकोपरला एका घरी गेले होते, राणी नावाची सात वर्षांची पिवळी मादी, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, वजन ४१ किलो. घरचे खरंच हैराण झालेले, दोनदा खाणं कमी केलं तरी उतरत नाही म्हणे. मी म्हटलं काल दिवसभरात ज्याने जे दिलं ते प्रत्येकाने या रिकाम्या ताटात आणून ठेवा, रागावणार कोणी नाही. आजींनी दोन पोळ्या ठेवल्या, तूप लावलेल्या, म्हणाल्या पहिली पोळी मुक्या जनावराची, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. मुलाने सहा ग्लुकोजची बिस्किटं ठेवली, शाळेतून आल्यावर दोघं मिळून खातात. सूनबाईंनी पनीरचे तीन तुकडे, भाजी चिरताना खाली टाकते तेवढेच. कामाच्या मावशी दारात उभ्या होत्या, त्या हळूच आत येऊन अर्धा कप म्हशीचं दूध ठेवून गेल्या, चहा करताना पातेल्यात राहतं ते. सगळे त्या ताटाकडे बघत राहिले. पोळ्यांचे तुपासकट २६० कॅलरी, बिस्किटांचे १३०, पनीरचे ११०, दुधाचे १००. झाले ६००. आणि हे तिच्या दोन वेळच्या जेवणाव्यतिरिक्त. कुत्रीला ३० किलोपर्यंत उतरवायचं असेल तर अख्ख्या दिवसात ९०० च्या आसपास पुरतात, म्हणजे दोनतृतीयांश कोटा कोणी मोजतच नव्हतं.

कोणाचीही चूक नव्हती, चौघांनी प्रेमानेच दिलं होतं आणि चौघांना दुसऱ्या तिघांचं माहीत नव्हतं. उपाय साधा आहे, फ्रीजवर एक डबा. रोज सकाळी त्यात त्या दिवसाचा वरचा खाऊ मोजून ठेवायचा, दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्के, जास्त नाही, आणि ज्याला द्यायचंय त्याने त्या डब्यातूनच द्यायचं. डबा संपला की संपलं. आजींचा नेम मोडायचा नाही, पोळीचा बोटभर तुकडा बिनतुपाचा त्याच डब्यात. काकडी, गाजर, फरसबी, उकडलेला दुधी हे लॅब तेवढ्याच आनंदाने खातो, त्याला चवीपेक्षा हातातून मिळण्याचं अप्रूप जास्त असतं. खालच्या वॉचमनकाकांनाही सांगा, रात्रपाळीत बिस्किटाचा पुडा अर्धा त्यांचा अर्धा कुत्र्याचा असतो. रागवून नाही, मूठभर गाजराचे तुकडे त्यांच्याकडेच देऊन ठेवा, देण्याचा आनंद त्यांचाही राहतो.

चौथं, कप फेकून द्या आणि चारपाचशेचा किचनचा डिजिटल काटा आणा. त्याच राणीच्या घरी कपाने दीड कप म्हणजे १५० ग्रॅम असं ठरलेलं होतं, मी काट्यावर ओतलं तर १९० भरले, कप शिगोशीग भरायचा ना. दिवसाला दोनदा म्हणजे ८० ग्रॅम जास्त आणि ड्राय फूड १०० ग्रॅमला साधारण ३४० ते ४०० कॅलरी, म्हणजे अजून जवळपास ३०० कॅलरी. जेवण आणि ताट मिळून पोरगी दिवसाला दोन हजारांच्या जवळ जात होती, गरजेच्या दुप्पट, आणि घरात खरोखर वाटत होतं की आपण कमी देतोय.

पाचवं, मग द्यायचं किती? पाकिटामागचा तक्ता चुकीचा नसतो पण तो बऱ्यापैकी हालचाल करणाऱ्या कुत्र्यासाठी धरलेला असतो, आपल्या टू बीएचकेतल्या लॅबसाठी नाही. शिवाय लोक त्यात कुत्र्याचं आजचं वजन बघतात, ४१ च्या रांगेत बघितलं तर ४१ च राहणार ना. बघायचं जे वजन हवंय ते. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं: हवं असलेलं वजन तीन वेळा एकमेकांशी गुणा, मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, मग ७० ने गुणा. ३० किलोसाठी २७,०००, मग १६४, मग १२.८, आणि शेवटी साधारण ९००. ही नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा. वजन उतरवायचं असेल तर इथूनच सुरुवात करतात. वजन ठीक आहे आणि ऑपरेशन झालंय तर याच्या १.४ पट मी धरते, पुस्तकात १.६ असतं पण लॅबला ते बहुतेक वेळा जास्त होतं, बरगड्या बघून वरखाली करायचं. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं तर उत्तम, त्यापेक्षा घाई नको. आणि या निघालेल्या आकड्याच्या (३० किलोला ९००) खाली स्वतःच्या मनाने जायचं नाही, कारण नेहमीचंच खाणं खूप कमी केलं की प्रोटीन आणि व्हिटॅमिनही कमी पडतात, तिथे डॉक्टरांकडून वजन उतरवायचं खास खाणं लिहून घ्यावं लागतं.

वयाप्रमाणे हे बदलतं आणि वजन परत चढतं ते बहुतेक या वळणांवर, म्हणून जरा थांबून सांगते.

पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत वर काढलेल्या पडून राहायच्या ऊर्जेच्या ३ पट, पण तेव्हाच्या वजनावर, दिवसातून चार वेळा विभागून. चार महिन्यांनंतर २ पटीकडे आणायचं, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे आयुष्यभर दोन वेळा. पिल्लाचं वजन दर आठवड्याला करा आणि गुबगुबीत होऊ देऊ नका. मला माहितीये गोलमटोल पिल्लू किती गोड दिसतं, पण मोठ्या जातीचं पिल्लू पटापट वाढलं की ते वजन कोवळ्या सांध्यांवर येतं आणि लॅबच्या खुब्यांचा प्रॉब्लेम मुळातच जातीत आहे. खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांचंच घ्या, त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून कॅल्शियमचं सिरप पाजू नका. पिल्लाचं शरीर जास्तीचं कॅल्शियम शोषून घेणं थांबवू शकत नाही आणि हाडं वाकडी वाढू शकतात. हे सिरप मी पाच-सहा घरांतून बंद करायला लावलंय, डॉक्टरांशी बोलून.

नसबंदीचं ऑपरेशन हे सगळ्यात मोठं वळण. ऊर्जेची गरज पाव हिश्शाने तरी कमी होते आणि भूक उलट वाढते. टाके काढायला जाल त्या आठवड्यातच खाणं कमी करायला लागा, चार महिन्यांनी फुगल्यावर नाही.

मग सात-आठ वर्षांनंतर हालचाल कमी होते, खाणं थोडं अजून उतरवायचं, पण चिकन-अंड्याचा हिस्सा कमी करू नका, म्हातारपणी मांस झडतं, कमी करायचा तो भात आणि तेल-तूप. चिंगी आता नऊ वर्षांची आहे, २९ किलो, तिला पाच वर्षांपूर्वीपेक्षा साधारण १५ टक्के कमी देते. आणि दहाच्या पुढे आपोआप वजन उतरायला लागलं तर खूश होऊ नका, तपासायला न्या.

घरचं देत असाल तर मोजणं अजून महत्त्वाचं. शिजलेला भात १०० ग्रॅमला १३० कॅलरी, उकडलेलं चिकन बिनचरबीचं १६५ च्या आसपास, अंडं ७० ते ७५, आणि भात वाडग्यात दिसतो तेवढा कधीच नसतो. फक्त चिकन-भातावर वर्षानुवर्षं ठेवू नका, कॅल्शियम आणि बाकीचे क्षार त्यात पुरेसे नसतात, डाएट लिहून घ्या. कांदा, लसूण असलेलं आपलं जेवण नाही, शिजलेली हाडं नाहीत. आणि प्रसाद. शिऱ्यात मनुका-बेदाणे असतात, ते कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, थोडेसेही चालत नाहीत. गणपतीत घरात पन्नास माणसं येतात आणि प्रत्येकाच्या हातात द्रोण असतो, त्या दीड किंवा पाच दिवसांत मी चिंगीला दर्शनाच्या वेळी आतल्या खोलीत ठेवते. शुगरफ्री च्युइंगम-गोळ्यांतलं झायलिटॉल पण तसंच घातक, पोटात गेलं तर ताबडतोब डॉक्टर.

सहावं, तो सारखा मागतो त्याचं काय. इथे लोक हरतात, म्हणून एक गोष्ट समजून घ्या. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की चौघांतल्या साधारण एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो. पोट भरलं हा निरोप मेंदूला पोचवण्यात त्या जीनचं काम असतं, तो तुटका असला की निरोप नीट पोचत नाही. त्या बिघाडाच्या एकेका कॉपीमागे कुत्र्याचं वजन सरासरी २ किलो जास्त निघालं. २०२४ मध्ये त्यांनीच पुढे दाखवलं की अशा कुत्र्यांना जेवणांच्या मधल्या वेळात भूकही जास्त लागते आणि नुसतं बसल्या जागी ते साधारण २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे तुमचा कुत्रा नाटकं करत नाही, त्याला खरंच भूक लागलेली वाटते, पण त्याच्या शरीराला त्या खाण्याची गरज नाही. बंडूच्या वेळी हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या डोळ्यांत बघून वाडगं भरलं नसतं.

म्हणून तेवढंच खाणं जास्त वेळ पुरवायचं. खाचा असलेलं स्लो फीडर वाडगं आणा, किंवा काहीच न आणता ड्राय फूड जुन्या टॉवेलच्या घड्यांत गुंडाळून ठेवा, हुंगून हुंगून शोधण्यात वीस मिनिटं जातात. जेवणात मूठभर उकडलेली फरसबी किंवा दुधी मिसळा, पोट भरतं. मागायला आला की खाण्याऐवजी बॉल टाका, अंग खाजवा. पहिले दहा-बारा दिवस कठीण जातात, किचनच्या दारातून हलत नाही, मग बरंच शांत होतं.

सातवं, चालणं. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण सगळे इथूनच सुरू करतात आणि खाणं तसंच ठेवतात. अर्ध्या तासाचं चालणं एका तूप लावलेल्या पोळीत भरून निघतं. पण सांधे आणि मन यासाठी हवंच. मुंबईच्या दमट हवेत सकाळी सातच्या आत, रात्री नऊनंतर, जाड कुत्र्याला उन्हात कधीच नाही. जीभ लांब बाहेर, हिरड्या गडद लाल, पाय लटपटतायत असं दिसलं तर तिथेच सावलीत अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट डॉक्टर. जून ते सप्टेंबर फिरणं अर्धं होतं, तेव्हा खाणं पण दहा टक्के कमी करा, हे कोणी करत नाही आणि पाऊस संपेपर्यंत दोन किलो चढलेले असतात. पावसात जिने चढवून व्यायाम करून घेऊ नका, वजन जास्त असताना सांध्यांना ते वाईट, पार्किंगमध्ये फेऱ्या मारा.

एवढं करून फरक पडतो का? प्युरिना या कुत्र्यांचं खाणं बनवणाऱ्या कंपनीचा २००२ साली छापलेला अभ्यास आहे, ४८ लॅब, एकाच वेतातल्या जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, पिल्लू असल्यापासून शेवटपर्यंत. कमी खाणारे साधारण १३ वर्षं जगले, बाकीचे ११.२, आणि सांधेदुखीही त्यांना उशिरा आली. राणी सात महिन्यांत ४१ वरून ३२.५ वर आली. आता ती सोफ्यावर स्वतः चढते.

आता घरी कुठे थांबायचं ते.

काट्याने मोजून, डब्याचा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळून, सहा ते आठ आठवड्यांत वजन हललंच नाही तर अजून कमी करत बसू नका. थायरॉईड कमी असू शकतं, त्यात कुत्रा सुस्त होतो, शेपटीचे आणि अंगाचे केस विरळ होतात, रक्ताच्या तपासणीत कळतं. पाणी खूप पितो, शू खूप, पोट खाली लोंबतंय, धाप लागते आणि भूक अचानक वाढली तर कुशिंगचा (कॉर्टिसॉल हॉर्मोन जास्त होण्याच्या आजाराचा) संशय. भूक प्रचंड पण वजन उतरतंय तर डायबेटिस, जंत, किंवा स्वादुपिंडाचा आजार, त्यात शी भरपूर आणि फिकट, चिकट होते. पावसाळ्यात खाजेसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही भूक खवळते, पण त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. परळच्या प्राण्यांच्या बैलघोडा हॉस्पिटलला जा किंवा जवळच्या डॉक्टरांकडे, पण जा.

आणि दोन वेळा अजिबात वाट बघायची नाही. एक, लॅबने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, ही त्या जातीत साधी गोष्ट नसते. दोन, पोट ढोलासारखं ताणलंय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही, अस्वस्थ फेऱ्या मारतोय. पोटाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात मोजून तास असतात. रात्री दोन वाजले असले तरी फोन करून ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी निघा, घरगुती उपाय करत बसू नका.

बाकी तपासण्यांसाठी जाताना पंधरा-पंधरा दिवसांची वजनं लिहिलेली वही, खाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, चालू गोळ्यांची पट्टी आणि सकाळची ताजी शी छोट्या डबीत, एवढं बरोबर न्या. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील दिवसाला किती देता, तेव्हा कपात नाही, ग्रॅममध्ये सांगा.